एक शीड, अनेक हात

आषाढ लागला की मावळ प्रांताचे रूप पालटते. लोहगड आणि विसापूर ढगांत बुडून जातात, तुंग आणि तिकोना यांची शिखरे क्षणभर दिसतात आणि क्षणात नाहीशी होतात. पवनेचा जलाशय, लोणावळ्याजवळचे वळवण आणि शिरवता हे तलाव काठोकाठ भरू लागतात. यांपैकी वळवण व शिरवता येथील पाणी मोठमोठ्या नळांतून घाटाखाली सुमारे ५०० मीटर उतरते आणि खोपोलीला वीज निर्माण करते. १९१५ सालापासून हे काम चालू आहे.

अशा एखाद्या तलावाच्या काठी उभे राहिले की वाऱ्याचा स्वभाव चांगला कळतो. समुद्रावरून आलेला वारा घाट चढून वर येतो, पण डोंगरांच्या कुशीत शिरल्यावर तो सरळ वाहत नाही. एखाद्या खिंडीतून तो जोराने घुसतो, एखाद्या कड्याआड अगदी पडून जातो, तर कधी उलटा फिरतो. पाण्यावर एकीकडे काळसर लहरींचा पट्टा धावत असतो आणि दुसरीकडे पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते. तो काळसर पट्टा म्हणजे वाऱ्याचे पाऊल होय. शिडाच्या होडीवर काम करणाऱ्याला ते पाऊल दुरून ओळखता आले पाहिजे.

समुद्रापासून दूर असलेल्या या डोंगराळ भागाचा आणि नौकांचा काय संबंध, असे कोणाला वाटेल. परंतु लोणावळ्यालाच भारतीय नौदलाची ‘शिवाजी’ ही संस्था आहे. युद्धनौकांची यंत्रे चालविणारे अभियंते तेथे १९४५ सालापासून शिक्षण घेत आले आहेत. पुण्याजवळ खडकवासल्याच्या तलावाकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तेथील छात्र त्या तलावातच वल्ही मारावयास आणि शीड सांभाळावयास शिकतात. समुद्रावर जाणाऱ्यांचे पहिले धडे गोड्या पाण्यावर गिरविले जातात, ते असे.

शिडाची होडी वाऱ्याच्या दिशेने जाते, यात नवल नाही. झाडाचे पानही तसेच जाते. नवल हे, की ती वाऱ्याच्या विरुद्ध दिशेलाही जाऊ शकते. फणसाची ओली आठळी दोन बोटांच्या चिमटीत दाबली, तर ती पुढे सटकते. बोटे तिला दोन्ही बाजूंनी दाबतात, पण ती जाते तिसरीकडेच. होडीचेही काहीसे तसेच होते. वारा शिडाला एका बाजूने रेटतो. होडीच्या तळाशी पाण्यात उतरलेली उभी फळी तिला आडवे सरकू देत नाही. या दोहोंच्या कात्रीत सापडलेली होडी पुढे निसटते. मात्र वाऱ्याच्या अगदी समोर तोंड करून तिला जाता येत नाही, तसे केल्यास शीड नुसते फडफडत राहते. म्हणून ती थोडी डावीकडे, मग थोडी उजवीकडे, अशी नागमोडी चालते. खंडाळ्याच्या घाटातला रस्ता जसा वळणे घेत घेत माथ्यावर पोचतो, तशीच होडी वळणे घेत घेत वाऱ्याचा चढ चढते.

यांतील प्रत्येक वळणावर सहकाऱ्यांची परीक्षा असते. सुकाणू धरणारा ‘वळा!’ अशी आज्ञा देतो. त्याच क्षणी एकाने शिडाचा एका बाजूचा दोर सोडावयाचा, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूचा दोर ओढून घट्ट करावयाचा आणि सर्वांनी वाकून आडव्या वाशाखालून होडीच्या दुसऱ्या कडेला जाऊन बसावयाचे. दोर सोडणाऱ्याला एक क्षण उशीर झाला, तर शीड उलट्या बाजूने वारा धरते आणि होडी जागीच थबकते. घाई झाली, तरी तेच. कोणाची शक्ती किती, याला येथे फारसे महत्त्व नसते. चार माणसांचे आठ हात एकाच मनाने चालले पाहिजेत, हे खरे महत्त्वाचे.

दोघांच्या लहान होडीत ही गोष्ट अधिकच स्पष्ट दिसते. एक जण सुकाणू आणि मोठे शीड सांभाळतो, दुसरा पुढचे शीड सांभाळतो. वारा वाढून होडी कलू लागली, की हा दुसरा गडी डोलकाठीला बांधलेल्या तारेत आपला पट्टा अडकवितो, पाय होडीच्या काठाला टेकवितो आणि सारे अंग पाण्यावर झोकून देतो. त्याच्या वजनाने होडी सरळ राहते. १९८२ साली भारतात आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या होत्या. त्यांत ‘फायरबॉल’ नावाच्या दोघांच्या होडीत फारूख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने सुवर्णपदक मिळविले. पदक एका होडीला मिळाले, पण ते गळ्यात मात्र दोघांच्याही पडले.

ही झाली काही तासांची शर्यत. याहून कितीतरी कठीण अशी एक शर्यत अमेरिकेतील मिशिगन सरोवरावर होते. सरोवर म्हटले, की आपल्यापुढे वळवणचे किंवा पवनेचे पाणी उभे राहते आणि पलीकडचा काठ सहज दिसतो. मिशिगन सरोवराचा विस्तार सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यासारखे साडेतीन जिल्हे त्याच्या पोटात मावतील. काठावरून निघालेल्या होडीला काही तासांनी कोणत्याच दिशेला जमीन दिसत नाही. पाणी गोडे आहे, परंतु वारा सुटला म्हणजे तेथे उठणाऱ्या लाटा आखूड आणि उभ्या असतात. एक लाट ओलांडून होडी सावरते न सावरते, तोच दुसरी येऊन आदळते.

या सरोवराच्या दक्षिण टोकाजवळ शिकागो शहर आहे. तेथून निघून उत्तरेकडील मॅकिनॉ बेटापर्यंत ही शर्यत असते. हे अंतर ३३३ मैल, म्हणजे सुमारे ५३६ किलोमीटर आहे. लोणावळ्याहून पुण्याला चार वेळा जाऊन परत यावे, इतके ते होते. पहिली शर्यत १८९८ साली झाली, तेव्हा अवघ्या पाच नौका निघाल्या होत्या. आता एकेका वर्षी दोन-तीनशे नौका भाग घेतात. एका नौकेवर साधारणपणे आठ-दहा माणसे असतात.

दोन-तीन दिवस आणि रात्री नौका थांबत नाही, म्हणून माणसांनी पाळ्या बांधून घेतलेल्या असतात. अर्धे लोक चार तास काम करतात, अर्धे चार तास झोप घेतात. झोपेची वेळ संपली, की ऊब सोडून ओले कपडे पुन्हा अंगावर चढवावयाचे आणि थंड अंधारात वर यावयाचे. आपण दोन मिनिटे उशिरा गेलो, तर आपल्या सोबत्याची झोप दोन मिनिटांनी कमी होते, हे प्रत्येकाच्या ध्यानात असते. म्हणून हाक मारणाऱ्याला दुसरी हाक मारावी लागत नाही.

पाळीवरच्या लोकांपैकी एक जण सुकाणूवर असतो. एक जण शिडाच्या कडेवरची नजर हलवीत नाही. वारा किंचित फिरला, की ती कड थरथरू लागते आणि मग दोर बोटभर ओढावा किंवा बोटभर सोडावा लागतो. एक जण नकाशा व होकायंत्र पाहतो. एक जण सर्वांसाठी कढत चहा किंवा सूप तयार करतो. उरलेले काय करतात? ते नौकेच्या उंच झालेल्या काठावर, पाय बाहेर सोडून, एकापाशी एक असे तासन्‌तास नुसते बसून राहतात. बघणाऱ्याला हे आळशीपणाचे वाटेल. वास्तविक त्यांच्या वजनानेच नौका कमी कलते आणि तिचा वेग वाढतो. पावसाचे फटके खात, काहीही न करता बसून राहणे, हेही एक काम असू शकते आणि ते मनापासून करणारा माणूसच चांगला खलाशी होतो.

कधी वारा अगदी पडतो. मग शिडे लोंबकळतात, पाणी काचेसारखे होते, माश्या येऊन चावतात आणि होडी तसूभरही सरकत नाही. अशा वेळी जोरात पाऊल टाकूनही चालत नाहीत, कारण त्या धक्क्याने शिडात भरलेली इवलीशी झुळूक निघून जाते. वादळात धैर्य लागते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु वारा नसताना चिडचीड न करता वाट पाहण्यास त्याहून मोठे धैर्य लागते, असे अनुभवी नाविक मानतात.

एकच वारा एकाला यश आणि दुसऱ्याला संकट कसे देतो, हे १९११ सालच्या शर्यतीत दिसले. त्या वर्षी सरोवरावर प्रचंड वादळ झाले. ‘ॲमोरिटा’ नावाच्या नौकेने त्या वाऱ्यावर स्वार होऊन ३१ तास १४ मिनिटांत शर्यत पुरी केली. तिचा हा विक्रम पुढे ७६ वर्षे, १९८७ सालापर्यंत, कोणालाही मोडता आला नाही. त्याच वादळात ‘व्हेन्सेडॉर’ नावाची नामांकित नौका खडकांवर आपटून फुटली. तिच्यावरचे लोक मात्र सुखरूप बचावले.

दर वेळी असे सुदैव लाभत नाही. २०११ सालच्या जुलै महिन्यात शर्यतीचे नौकासमूह सरोवराच्या उत्तर भागात पोचले असता मध्यरात्रीच्या सुमारास पश्चिमेकडे विजांचा लखलखाट दिसू लागला. थोड्याच वेळात सोसाट्याचा वारा आला. बहुतेक नौकांनी शिडे उतरवून घेतली होती. ‘विंगनट्स’ नावाच्या नौकेवर आठ जण होते. ही नौका वेगासाठी फार हलकी बांधलेली होती. वाऱ्याच्या एका तडाख्यात ती कलंडली आणि पूर्ण उलटी झाली. रात्रीच्या गर्द काळोखात, लाटांच्या गर्जनेत, आठ माणसे पाण्यात पडली.

थोड्या अंतरावर ‘सोशिएबल’ नावाची दुसरी नौका होती. तीही शर्यतीत होती, तिच्यावरचे लोकही त्याच वादळाशी झुंजत होते. तिच्यावरील लोकांना पाण्यावर मिणमिणते दिवे दिसले आणि वाऱ्यातून शिट्ट्यांचा आवाज ऐकू आला. बुडणाऱ्यांच्या अंगावरील जाकिटांना अडकविलेल्या त्या लहानशा शिट्ट्या होत्या. क्षणाचाही विचार न करता ‘सोशिएबल’ त्या आवाजाकडे वळली. काळोख, लाटा आणि पाण्यात लोंबणारे दोर यांमुळे उलटलेल्या नौकेजवळ जाणे अत्यंत धोक्याचे होते. तरीही तिच्यावरील लोकांनी सहा जणांना एकामागून एक पाण्याबाहेर ओढून काढले. दोघांना मात्र मृत्यूने गाठले. शंभराहून अधिक वर्षांच्या त्या शर्यतीत वादळाने माणसाचा बळी घेण्याची ती पहिलीच वेळ होती.

शिडांच्या शर्यतींचे नियम जगभर एकच आहेत. त्या नियमांच्या पुस्तकात कोणी आधी वळावे, कोणी कोणाला वाट द्यावी, असे अनेक नियम आहेत. पण त्यांतील पहिलाच मूलभूत नियम निराळा आहे. संकटात सापडलेल्या कोणत्याही माणसाला किंवा नौकेला प्रत्येक स्पर्धकाने शक्य ती सर्व मदत केली पाहिजे, असा तो नियम आहे. अशा मदतीत जो वेळ जातो, त्याची भरपाई पंच करून देऊ शकतात. तथापि त्या रात्री शिट्टीचा आवाज ऐकणाऱ्यांपैकी कोणी भरपाईचा हिशेब केला असेल, असे वाटत नाही. शर्यत जिंकण्यासाठी निघालेली माणसे त्या क्षणी स्पर्धक राहिली नव्हती. ती एकाच पाण्यावरची सोबती झाली होती.

आपल्या किनाऱ्यावरही अशा सोबतीचे एक उज्ज्वल उदाहरण आहे. गोव्यातील दिवाडी बेटावरच्या नौका-कारखान्यात रत्नाकर दांडेकर यांनी ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली. तिच्यातून दिलीप दोंदे या नौदलाच्या अधिकाऱ्याने २००९–१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय होत. त्याच कारखान्यात पुढे ‘तारिणी’ नावाची सुमारे १७ मीटर लांबीची दुसरी नौका तयार झाली. तिच्यावरील प्रवासासाठी नौदलातील सहा महिला अधिकाऱ्यांनी शिक्षण घेतले, तेव्हा त्यांच्या गुरूंमध्ये दोंदे होते. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली १० सप्टेंबर २०१७ रोजी ‘तारिणी’ गोव्याहून निघाली आणि सुमारे २१,६०० सागरी मैलांचा प्रवास करून २१ मे २०१८ रोजी परत आली.

त्या २५४ दिवसांत या सहा जणींनी केप हॉर्नचे भूशिर ओलांडले आणि घरांएवढ्या उंच लाटांना तोंड दिले. परतीच्या वाटेवर नौकेचे सुकाणू बिघडले, म्हणून त्यांना मॉरिशसच्या बंदरात थांबावे लागले. शर्यत नसली, तरी येथेही रात्रंदिवस पाळ्या होत्याच. स्वयंपाक, सफाई, शिडांची डागडुजी आणि सुकाणू ही कामे सर्वांना वाटून घ्यावी लागत. अधिकारी म्हणून मोठे काम माझे आणि भांडी घासण्याचे काम दुसऱ्याचे, असा भेद समुद्रावर टिकत नाही.

एकट्याने केलेला पराक्रम लोकांच्या लवकर ध्यानात येतो आणि तो खरोखरच थोर असतो. परंतु अनेकांनी मिळून केलेल्या कामात प्रत्येकाचा वाटा वेगळा काढून दाखविता येत नाही. मिशिगनच्या शर्यतीत पहिली आलेली नौका वृत्तपत्रांत झळकते. तिच्या काठावर रात्रभर भिजत बसलेल्या माणसाचे नाव कोणी छापत नाही. त्याला त्याचे दुःखही नसते. आपण बसलो होतो म्हणून नौका सरळ राहिली, हे त्याला ठाऊक असते आणि त्याच्या सोबत्यांनाही ठाऊक असते.

मावळातल्या तलावावर आजही पावसाळी वारा उतरतो. पाण्यावर तो काळसर पट्टा धावत जातो, डोंगराच्या आड विरतो आणि पुन्हा उमटतो. काठावरची मुले पळसाच्या पानाची होडी पाण्यात सोडतात. वारा नेईल तिकडे ती जाते, कारण तिच्यावर कोणी नसते. ज्या होडीवर सुकाणू धरणारा हात आहे, दोर ओढणारा हात आहे आणि बुडणाऱ्याला वर घेण्यासाठी पुढे झालेला हात आहे, तीच होडी वाऱ्याच्या समोरून वाट काढते.

शब्दार्थ

डोलकाठी – शीड बांधण्याचा होडीवरील उभा खांब
सुकाणू – होडीला दिशा देण्याचे साधन
आठळी – फणसाची बी
पाळी – कामाची ठरलेली वेळ
प्रदक्षिणा – सभोवार फेरी
भूशिर – समुद्रात घुसलेले जमिनीचे टोक
तसूभर – अगदी थोडे

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) तलावावरील ‘वाऱ्याचे पाऊल’ कसे ओळखतात?
(आ) होडी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला नागमोडी का चालते?
(इ) काठावर नुसते बसून राहणाऱ्या खलाशांचा नौकेला काय उपयोग होतो?
(ई) शिडांच्या शर्यतींतील पहिला मूलभूत नियम कोणता?

२. कारणे द्या.
(अ) वारा पडला असता नौकेवर जोरात पाऊल टाकीत नाहीत.
(आ) हाक मारणाऱ्याला दुसरी हाक मारावी लागत नाही.

३. ‘ती एकाच पाण्यावरची सोबती झाली होती,’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : रूप पालटणे, झोकून देणे, तोंड देणे, वाट काढणे.

५. भातलावणी, लेझीम, दिंडी किंवा दहीहंडी यांपैकी एका प्रसंगी अनेकांचे हात एकत्र कसे चालतात, ते नीट पाहा आणि त्याविषयी दहा ओळी लिहा.